तेहतीसवाले आणि पंचेचाळीसवाले

आमच्या धंद्यात एक प्रश्न वरचेवर पडतो आणि बाहेरच्या माणसाला सांगितला की तो हसतो. प्रश्न असा : सुई अडकली आहे, की संगीतच असं आहे?

हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डला हा प्रश्न पडत नाही. गाणं पाठ असतं. सुई खाचेतून उडाली की कडव्यातला अर्धा शब्द गायब होतो आणि शेजारच्या पानठेल्यावरचा माणूससुद्धा तिथूनच ओरडतो, "उडाली बे!" पण युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या एखाद्या संगीतकारानं मुद्दामच तेच चार सूर पुन्हा पुन्हा लिहून ठेवले असतील तर काय करायचं? अशी एक रेकॉर्ड तपासताना मी सुई उचलून पुढं ठेवली. तेच सूर. आणखी पुढं ठेवली. तेच. रेकॉर्ड धुतली, सुई बदलली, मशीनचा पट्टा बदलला. शेवटी वैतागून हाताची घडी घालून बसलो आणि पहिल्यापासून ऐकली. तेव्हा कळलं की ते चार सूर तेच राहत नव्हते. घड्याळाचा तासकाटा सरकतो तसे सरकत होते. बाजू संपली तेव्हा मी सुरुवातीपासून खूप लांब आलो होतो आणि निघालो कधी ते समजलंच नव्हतं.

मी रेकॉर्डी तपासणारा माणूस. नागपुरात धरमपेठेत आमचं दुकान आहे. जुन्या रेकॉर्डी घ्यायच्या, धुवायच्या, तपासायच्या आणि विकायच्या, हे माझं काम. या अंकाच्या संपादकांनी "अनुभव लिहा" असा निरोप धाडला तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की काहीतरी चूक झाली आहे. मला असं नेहमीच वाटतं. दुकानाच्या मालकांनी नुसती हाक मारली तरी अजून पोटात गोळा येतो, की आता सांगतील, दत्तू, उद्यापासून येऊ नको. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी सांगितलं नाही, तरी गोळा यायचा थांबलेला नाही.

मूळचा मी चंदगडकडचा, म्हणजे कोल्हापूरच्याही पलीकडचा. आठवीत शाळा सुटली. मामा ट्रकवर होता, त्यानं नागपूरला वाडीत एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर चिकटवून दिलं. उतरल्या दिवशी ऊन बघितलं आणि वाटलं, या गावात माणसं राहतात कशी! आमच्याकडं उन्हाळ्यातही सकाळी धुकं असायचं. इथली भाषाही नवी. "काय करून राहिला गा?" असं कोणी विचारलं की मी घाबरून "राहतोय इथंच," म्हणायचो.

गोदामात एकदा लाकडी पेट्यांचा माल आला. तो घ्यायला मनोहरभाऊ स्वतः आले होते. हेच पुढं माझे मालक झाले. पेट्यांत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. उचलली तर आत काहीतरी उभं रचलेलं वाटलं, म्हणून मी सगळ्या पेट्या उभ्याच नेल्या आणि सावकाश टेकवल्या. भाऊ सुपारी कातरत बघत होते. निघताना म्हणाले, "तू पेटी आपटत नाहीस. काहून गा?"

मी म्हणालो, "आपटून काय मिळतंय?"

"दुकानात येशील का?"

माझ्या आयुष्यात मला कोणी मुलाखत घेऊन नोकरी दिली असेल तर ती एवढीच. त्या माणसाचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

भाऊंचा नियम एकच होता : दोन्ही बाजू पुऱ्या ऐकल्याशिवाय रेकॉर्ड गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. ओरखडा डोळ्यांनी दिसतो, पण तो आवाजात येतो का ते कानानंच कळतं. सिनेमाच्या रेकॉर्डी विकत घेतानाच ओळखीच्या असायच्या आणि लगेच जायच्या. पण लॉटमध्ये माल मिसळलेला यायचा. जॅझ असायचं, विलायती शास्त्रीय असायचं, आणि त्यातही ते नवं शास्त्रीय, ज्यात सूर रुसून बसल्यासारखे लांब लांब बसतात. तो माल कोणालाच नको असायचा. म्हणून तो माझ्या वाट्याला आला. सुई अडकली की संगीतच तसं, हे ठरवायचं तर कान देऊन ऐकावंच लागतं, अर्ध्या कानानं भागत नाही. मला संगीताचा शौक होता म्हणून मी या नादाला लागलो, असं कोणी समजू नये. नोकरी जाईल या भीतीनं मी जॅझ ऐकायला शिकलो.

नागपुरात रेकॉर्डी सांभाळणं म्हणजे आणखी एक कसरत. मे महिन्यात कूलर लावला नाही तर रेकॉर्ड वाकते. लावला तर दमट हवेनं कव्हरांना बुरशी धरते. ऊन अडवलं तर वाकणं टळतं, बुरशी एकदा धरली की लेबलसुद्धा खाते. म्हणून आम्ही रेकॉर्डींच्या कोपऱ्यात कूलरचा झोत येऊ देत नाही, नुसता पंखा आणि खिडकीला जाड पडदा. तिथं बसून ऐकणारं गिऱ्हाईक घामानं भिजतं. जे भिजूनही बसतं ते आपलं.

ऐकता ऐकता मतं झाली. आधी ती मनातच होती. मग रेकॉर्डीच्या हालतीची जी चिठ्ठी आम्ही कव्हरला लावतो, "पहिली बाजू स्वच्छ, दुसरीवर हलका ओरखडा" अशी, तिच्यावर मी खाली एक ओळ वाढवू लागलो. "ट्रम्पेटवाला फार कमी बोलतो. म्हणून ऐका." "सॅक्सोफोनवाल्याला थांबवणारं कोणी नव्हतं." "चांगला पियानो मागं व्हायोलिनांच्या पाकात बुडवला आहे. पाक आवडत असेल तर घ्या." "पहिल्यांदा राग येईल. राग आला नाही तर परत आणा."

भाऊंनी एकदा चिठ्ठ्या वाचल्या आणि चष्मा काढला. "आपला माल वाईट आहे असं लिहून विकतेत का बे कोणी?"

मी घाबरून चिठ्ठ्या काढायला लागलो, तर म्हणाले, "राहू दे. लोकं त्या वाचाले थांबून राहिले."

लोक थांबत होते ते खरं. सक्करदऱ्याचे वैद्य सर, निवृत्त शिक्षक, दर महिन्याला येत आणि एकच मागणी करत : "तुम्हाला न आवडलेल्या द्या." मी ज्या रेकॉर्डीला नावं ठेवावीत ती त्यांना हमखास आवडायची, मी डोक्यावर घेतलेली त्यांना झोप आणायची. त्यांनी हे बऱ्याच वेळा पडताळून पाहिलं होतं. "दत्तोबा," ते म्हणायचे, "तुमची नावड माझ्या फार उपयोगाची आहे. तब्येत सांभाळा."

आणि वाडीचे गुल्हाने भाऊ. ट्रान्सपोर्टवाले, पांढरा सफारी, बोटांत अंगठ्या. पहिल्यांदा आले ते गाडीत लावायला जुनी गाणी शोधत. मी त्या वेळी पियानो, बास आणि ड्रमवाल्या तिघांची एक रेकॉर्ड तपासत होतो. उभ्या उभ्या ऐकत राहिले, मग म्हणाले, "काहून गा कोल्हापुरी, यायच्यातला गाणारा आज सुट्टीवर आहे का?"

"यांच्यात गाणारा नसतोच, भाऊ."

"मंग हे तिघं कोणाची वाट पाहून राहिले?"

मी सांगितलं, नुसतं ड्रमवाल्याकडं लक्ष द्या. ते बसले. बाजू संपल्यावर उठले आणि म्हणाले, "सगळ्यात मांगं बसून हाच साऱ्यायले हाकलून राहिला. माझ्या ऑफिसात असा एक माणूस पाहिजे." ती रेकॉर्ड घेऊन गेले, ती वाजवायला एक मशीनही विकत घेऊन गेले.

जॅझबद्दल माझं स्वतःचं मत विचाराल तर मी बासवाल्याच्या बाजूचा. बास म्हणजे ते जाड आवाजाचं, उभं धरायचं, माणसाएवढं व्हायोलिन. तो कोणाला ऐकू येत नाही, पण तो थांबला तर बाकीच्यांच्या पायाखालची फरशी जाते. सगळे मिळून एकदम गोंगाट करतात त्या जॅझनं मला बराच काळ छळलं. मग एकदा कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा लिलाव बघितला. सगळे एकाच वेळी ओरडत होते, आणि तरी प्रत्येकाला दुसऱ्याचं ऐकू येत होतं. त्यानंतर मला ते संगीत समजू लागलं. नव्या शास्त्रीयाबद्दल एवढंच म्हणेन की ते आपल्याला खूश करायला निघालेलं नसतं. पहिल्यांदा अपमान वाटतो, मग हलकं वाटतं, कारण आपल्यालाही खूश झाल्याचं दाखवावं लागत नाही.

असं सगळं चाललं असताना मनोहरभाऊंचे गुडघे गेले आणि दुकान त्यांची मुलगी शलाका बघू लागली. पोरगी हुशार, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. दुकान चालतं ते तिच्या हेडफोन आणि स्पीकरच्या धंद्यावर, हे मलाही दिसतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा तिनं चहा मागवला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. माझ्या पोटात गोळा आला. या वेळी तो बरोबर आला होता.

"काका, रागवू नका. या कोपऱ्याचं काय करायचं? सिनेमाच्या रेकॉर्डी समोर लावू. पण या जॅझच्या आणि त्या... त्या दुसऱ्या, त्या कोण घेऊन राहिलं? अख्खी भिंत अडली. मला तिथं कूलर लावून स्पीकर ऐकवायची खोली करायची आहे."

"आणि या?"

"एका लॉटमध्ये देऊन टाकू. तुम्ही कुठं जाणार नाही, हां. तुम्ही इथंच. टेन्शन घेऊ नका."

माझी नोकरी राहणार होती. मी गप्प बसायला हवं होतं, जन्मभर तेच केलं होतं. पण तोंडातून निघालं, "लोक ऐकायला आले तर?"

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "ठीक आहे. एका रविवारी सकाळी बोलवा लोकांना. चहा माझ्याकडून. पण आलेले मोजणार नाही मी. चहा म्हटलं की कोणीही येते. त्याच्या पुढच्या रविवारी न बोलवता कोणी आलं, तर कोपरा तुमचा."

तयारीच्या दिवसांत मी जेवलो किती ते माहीत नाही. काय ऐकवायचं? गुल्हाने भाऊंकडून ती तिघांची जॅझची रेकॉर्ड मागून आणायची आणि तिनं सुरुवात करायची, ते सोपं होतं. पण शेवट माझ्या मनातल्या रेकॉर्डीनं करायचा होता. ती मोठी काळी रेकॉर्ड एका लॉटच्या तळाशी कव्हराशिवाय आली होती. मधलं लेबल बुरशीनं खाल्लेलं. कुठल्या देशाची, कोणाची, काही कळत नव्हतं. दोन व्हायोलिन, एक त्याहून मोठं, एक आणखी मोठं, अशी चार तंतुवाद्यं. इतकं संथ आणि जड संगीत मी दुसरं ऐकलं नव्हतं. व्हायोलिन दमलेल्या बाईसारखं बोलायचं, वाक्य अर्ध्यावर सोडायचं. कित्येक महिने मी ती विकायला बाहेर ठेवली नव्हती.

रविवारी बरीच माणसं आली. वैद्य सर पुढच्या खुर्चीवर, गुल्हाने भाऊ पंख्याखाली. सदर भागातून डिसूझा मॅडम आल्या. त्यांनी शाळेत वर्षानुवर्षं मुलांना व्हायोलिन शिकवलं आहे आणि अजूनही छत्री काठीसारखी धरून ताठ चालतात. शलाका काउंटरला टेकून उभी होती.

जॅझ छान गेलं. गुल्हाने भाऊ शेजाऱ्यांना सांगत होते, "ड्रमवाल्याकडं पाहा, ड्रमवाल्याकडं," जणू तो समोर बसला होता. मग मी माझी रेकॉर्ड लावली. कोणी हललं नाही. चहाचे कप तसेच हातात राहिले. गुल्हाने भाऊंनी रुमाल काढला, तो घामासाठी असेल असं मी धरून चाललो, पण त्यांनी तो डोळ्यांना लावला. बाजू संपली तेव्हा शलाकाही काउंटर सोडून पुढं आलेली होती. मला वाटलं, जमलं.

डिसूझा मॅडम म्हणाल्या, "सुंदर आहे. पण हे व्हायोलिन नाही."

"व्हायोलिनच आहे, मॅडम."

"व्हायोलिनची सगळ्यात खालची तार मोकळी वाजवली तरी एवढा खालचा सूर निघत नाही. तो सूर त्या वाद्यात नाहीच."

तेव्हा मला कळलं, चूक वेगाची असणार. वाचकांसाठी सांगतो : फार जुन्या लाखेच्या तबकड्या सोडल्या तर रेकॉर्ड फिरवायचे वेग दोन. मोठ्या रेकॉर्डी मिनिटाला साधारण तेहतीस फेऱ्यांनी फिरतात, छोट्या पंचेचाळीसनं. पण काही मोठ्या रेकॉर्डीही आवाज जास्त साफ यावा म्हणून पंचेचाळीससाठी बनवतात. तसं लेबलवर छापलेलं असतं, आणि आमचं लेबल बुरशीनं खाल्लं होतं. सिनेमाचं गाणं चुकीच्या वेगावर लागलं तर गायिका घोगरी होते आणि लहान मूलही ओळखतं. हे संगीत कोणाच्याच ओळखीचं नव्हतं.

एक क्षण वाटलं, म्हणावं की त्या देशात व्हायोलिन मोठं असेल. पण दोन्ही बाजू पुऱ्या ऐकणारं दुकान आमचं. मी वेगाचा खटका पंचेचाळीसवर केला आणि सुई पुन्हा पहिल्या खाचेत ठेवली.

तेच संगीत, पण आता ते उभं राहिलं. टोकदार, चिडखोर, पाय आपटणारं. दमलेली बाई कुठल्या कुठं गेली आणि तिच्या जागी कोणीतरी तरातरा भांडत होतं. मागून कोणीतरी हसलं. मॅडमनी समाधानानं मान हलवली. मला फक्त शलाकाचा चेहरा दिसत होता, आणि त्यावर काही वाचता येत नव्हतं.

"बंद करा गा हे!" गुल्हाने भाऊ उठले. "आधीचंच बरं होतं. आता बिघडवलं तुम्ही!"

"बिघडलेलं आधी होतं," मॅडम म्हणाल्या. "आता दुरुस्त झालंय."

"दुरुस्त? मले रडू आलं ते काय खोटं होतं का, मॅडम?"

"रडू खरं होतं. संगीत खोटं होतं."

"असं कसं वं बाई!" गुल्हाने भाऊंच्या तोंडून घरच्या बाईशी बोलावं तसं निघून गेलं, आणि मॅडमनी छत्री जमिनीवर टेकवली. मग सगळेच बोलायला लागले. एक म्हणाला, बनवणाऱ्यानं जसं बनवलं तसंच ऐकलं पाहिजे. दुसरा म्हणाला, बनवणारा कोण तेच माहीत नाही, तर त्याचं कशाला ऐकायचं? चहा निवला. भांडतच लोक फुटपाथवर गेले आणि तिथंही भांडत राहिले. मी मशीन पुसलं. शलाका जाताना एवढंच म्हणाली, "काका, बघू."

तो आठवडा मी मान वर केली नाही. मॅडमसारख्या जाणकार बाईसमोर दुकानाची शोभा झाली होती. शनिवारी, कोणी सांगायच्या आधीच, मी खोके आणले आणि कोपऱ्यातल्या रेकॉर्डी उभ्या रचून भरून ठेवल्या. दुसऱ्यानं भरल्या तर आडव्या रचेल, ही धास्ती होती. ती एक रेकॉर्ड तेवढी मशीनजवळ राहिली. ती कशात ठेवावी ते ठरेना.

रविवारी शलाकासोबत शटर उघडायला आलो तर पायरीवर डिसूझा मॅडम बसल्या होत्या. मांडीवर व्हायोलिनची पेटी. "त्या गृहस्थांना मला खालची तार ऐकवायची आहे," त्या म्हणाल्या. तेवढ्यात गुल्हाने भाऊंची गाडी लागली. सोबत त्यांचा सख्खा भाऊ आणि दोन मेहुणे. "यायले दोन्ही ऐकवा, कोल्हापुरी. आज फैसला करू." वैद्य सर रिक्षातून उतरले. मागच्या रविवारची आणखी बरीच तोंडं दिसली. काहींच्या बरोबर नवी होती.

मॅडमनी तार वाजवली. जाड, भरदार सूर, आणि त्याखाली काही नाही. गुल्हाने भाऊंनी ती नीट ऐकली आणि म्हणाले, "मान्य. व्हायोलिन तुमचं बरोबर. पण माझं गाणं माझं बरोबर." मग मी रेकॉर्ड दोन्ही वेगांवर लावली. लोक आपणहून दोन बाजूंना सरकले. तेहतीसवाले खिडकीकडं, पंचेचाळीसवाले दाराकडं.

"आता तुम्ही सांगा," मॅडम माझ्याकडं वळून म्हणाल्या. "रोज ऐकणारे तुम्ही. तुमचं मत काय?"

इतक्या माणसांनी एकदम थांबून माझं मत कधी विचारलं नव्हतं. चिठ्ठीवर लिहिणं वेगळं, तिथं कोणी तोंडाकडं बघत नाही.

मी म्हणालो, "वेग पंचेचाळीसच बरोबर आहे, मॅडम. त्यात वाद नाही. पंचेचाळीसवर ती चांगली रेकॉर्ड आहे. तशा माझ्याकडं आणखी आहेत, काढून देतो. तेहतीसवर ती जी होते तशी दुसरी नाही. बनवणारा इथं असता तर त्यालाही मी हेच सांगितलं असतं."

खिडकीकडून टाळ्या पडल्या. मॅडमनी भुवया उंचावल्या आणि मग, माझी शपथ, हसल्या. "मी सहमत नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी सांगते का ते."

वैद्य सर मात्र कपाळाला हात लावून बसले होते. मी घाबरून जवळ गेलो. "सर, बरं वाटत नाही का?"

"दत्तोबा, मलाही तेहतीसच आवडली." त्यांचा आवाज खरोखर पडला होता. "आता मी रेकॉर्डी निवडू कशा?"

शलाका तोवर कोपऱ्यात गेली होती. भिंत रिकामी आणि खाली भरलेले खोके बघून तिनं मला हाक मारली.

"काका, हे कोणी भरलं?"

"मीच."

"काहून?"

तिनं ओढणी कमरेला खोचली, एक खोका उचलला आणि रेकॉर्डी परत लावायला भिंतीपाशी नेला. मी सवयीनं म्हणणार होतो, सावकाश. पण तिनं तो उभाच नेला होता, आणि टेकवताना आवाज आला नाही.